शिगेचे पाच तोळे

माझ्या रुखवतात एक वस्तू अशी होती की ती पाहून कर्जतकडची वऱ्हाडी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. लाडू होते, करंज्या होत्या, कापसाच्या बाहुल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध एक पितळी तराजू होता. शेजारी शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक अशी उतरत्या उंचीने मांडलेली वजनं. कुणीतरी बाई म्हणाल्याही, की मुलगी देताय की दुकान टाकून देताय?

दोष वडिलांचा होता. ते तळेगावच्या बाजारात एका अडत्याकडे काट्यावर असत. दिवसभर गोण्या तोलून आलेल्या माणसाने घरी तरी गप्प बसावं, पण त्यांना आईच्या आमटीतली डाळसुद्धा तोललेली हवी. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीसचा अच्छेर, वीसचा पावशेर, दहाचं नवटाक आणि पाचाची छटाक, हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. आई वैतागायची, मी मात्र वडिलांवर गेले. डोळ्यांनी अंदाज करणारी माणसं मला आळशी वाटत. आजही थोडी वाटतात.

अशी मी, जर्मनीच्या लढाईच्या दिवसांत, घाट उतरून कर्जतजवळ भिसेगावात नांदायला आले. सासरी भाताची शेती होती, बैल होते, आणि ओटीमागच्या अंधाऱ्या खोलीत माणूस उभा राहील एवढ्या धान्याच्या दोन कणग्या होत्या. तराजू मात्र नव्हता. त्याची कुणाला कधी गरजच पडली नव्हती. सासूबाईंचा सगळा कारभार एका पितळी मापट्यावर चालायचा. दोन मापटी म्हणजे मापाचा एक शेर, आठ मापटी म्हणजे पायली. मापट्याला एका अंगाला पोचा आलेला होता, आणि तो कसा आला याच्या घरात तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगत. तांदूळ मापट्याने, पीठ मापट्याने, दूध मापट्याने, आणि एकदा तर मी सासूबाईंना लाकडाच्या ढलप्याही मापट्यात भरून शेजारणीला देताना पाहिलं.

मला हे सहन होईना. एक मापटं पोहे आणि एक मापटं डाळ सारखे कसे, असं मी पहिल्याच महिन्यात विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, सारखे कोन म्हनतंय, पोहे ते पोहे, डाळ ती डाळ. ते मला फार झोंबलं.

त्यांच्या मोजण्याची रीतही वेगळी होती. पहिल्या मापाला त्या कधी ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत, आणि मग ‘दोन, तीन’. एक हा एकटा पडतो, धान्य मोजताना एकटं कुणी पडू नये, असं त्यांचं म्हणणं. चुलीसाठी तांदूळ काढताना त्या मापटं भरत आणि तळहाताची कड काठावरून फिरवून वरचा ढीग खाली पाडत. हे सपाट माप. तो ढीग तसाच उभा ठेवला तर ती शीग. शीग कधी ठेवायची आणि कधी पाडायची याचे घरात नियम होते, पण ते मला कुणी सांगितले नाहीत. जन्मापासून पाळत आलेल्या नियमांबद्दल माणसं बोलत नाहीत.

पहिल्यांदा माहेरी निघाले तेव्हा सासूबाईंनी माझ्याबरोबर पायलीभर तांदूळ बांधून दिले. तळेगावात वडिलांनी हात-पाय धुवायच्या आधी ते तोलले. चार शेर, ना तोळा कमी ना तोळा जास्त. वडील खूश झाले. ‘माप चोख आहे हो तुझ्या सासूचं,’ असं दोनदा म्हणाले. पोचा आलेल्या मापट्याने इतकं चोख माप पडतं म्हणजे बाई काही साध्या नाहीत, असं मलाही वाटलं आणि अभिमानसुद्धा वाटला. हा अभिमान मी पुढे गिळला, तो कसा ते सांगते.

माझ्या नणंदेचं लग्न खोपोलीला झालं. वैशाखात लग्न आणि श्रावणात पंचमीला ती पहिल्यांदा माहेरपणाला आली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, हसरी, आणि हाताला चव अशी की तिने नुसतं पाणी उकळलं तरी माणूस वाटी पुढे करील. पण या वेळी ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी गोठ्यामागे तिने मला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

तिचे यजमान वीजघरात कामाला होते. लढाईमुळे तिकडे धान्य रेशनच्या कार्डावर, दुकानातून तोलून मिळायचं. तोलून आलेलं धान्य तिची सासू तोलूनच खर्ची घालायची. स्वयंपाकघरात आढ्याला तराजू टांगलेला. रोज सकाळी सासू विचारायची, आज कशाला किती लागेल? आणि उत्तर तोळ्यांत द्यावं लागायचं. मोठी जाऊ पटापट आकडे सांगायची. ही म्हणायची, दोन मापटी. मग सासू काही न बोलता वाट पाहत उभी राहायची. तीन महिन्यांत हिला चुलीपुढे फारसं बसू दिलं नव्हतं. निवडणं, दळणं आणि भांडी एवढंच तिच्या वाट्याला आलं होतं.

आता गणपती येत होते. त्या घरात पहिल्या वर्षी नव्या सुनेने एकवीस मोदक करायचे अशी रीत होती. सासूने सांगून ठेवलं होतं, की पीठ-पाणी किती ते आधी सांगायचं आणि तेवढंच घ्यायचं. मोदक नीट झाले तर चूल तिची. चिरले, फुटले, तर पुढचं वर्षभर ती जात्यापाशीच बसणार.

‘वयनी,’ ती म्हणाली, ‘माज्या हाताला समदं येतंय, पन तोंडाला येत नाय.’

माझ्या इतक्या दिवसांच्या तराजूला अखेर काम मिळालं होतं. मला तिची दया आली हे खरं, पण त्याहून जास्त आनंद झाला हेही खरं. मी म्हटलं, रडू नकोस, तुझ्या आईचं अख्खं मापटं मी तोळ्यांत उतरवून देते. कागदावर लिहून देते. तुझ्या सासूने आकडा विचारला की तू कागद बघायचास आणि ठणकावून सांगायचंस.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी बसलो. सासूबाई आत कणगी आणि डब्यांपाशी, कारण त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मी ओटीवर, उजेडात, तराजू आणि कागद घेऊन. मधे नणंद. सासूबाई आत मापटं भरून सुपात ओतायच्या, नणंद सूप माझ्याकडे आणायची, मी तोलून लिहायची. तांदूळ, पंचेचाळीस तोळे. हरभऱ्याची डाळ, शेहेचाळीस. तांदळाचं पीठ, चौतीस. नाचणीचं पीठ, पस्तीस. पोहे, जेमतेम तेरा. पोह्यांचा आकडा मी मुद्दाम आत ओरडून सांगितला.

मग ओल्या वस्तू. दूध, तेल आणि पाणी मी ओटीवर स्वतःच्या हाताने मापट्यात भरून, रिकाम्या मापट्याचं वजन वजा करून तोललं. पाणी सत्तेचाळीस तोळे भरलं. पाणी तोलणारी बाई बघायला शेजारच्या दोघी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. सासूबाईही बाहेर आल्या आणि त्यांना म्हणाल्या, ही आमची दीडशानी, उद्या पाऊस तोलील.

मी कागद दोनदा उतरवून काढला, खाली रेघ मारली, आणि नणंदेला तो घडी घालून दिला. एकवीस मोदकांना एक मापटं पीठ आणि एक मापटं पाणी लागतं, म्हणजे चौतीस तोळे पीठ आणि सत्तेचाळीस तोळे पाणी. नारळी भाताला एक मापटं तांदूळ, दोन मापटी पाणी. पंचेचाळीस आणि चौऱ्याण्णव. ती आकडे पुटपुटत गाडीत बसली. मला वाटलं, वडिलांनी हे पाहायला हवं होतं.

नारळी पौर्णिमा झाल्यावर चार दिवसांनी तिचं पोस्टकार्ड आलं. ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण त्यात माझी अब्रू गेली होती. ‘वहिनी, कागदाप्रमाणे नारळी भात केला. शीत टणक राहिलं. सासूबाई बोलल्या नाहीत, पाणी घालून परत शिजवला. मोदकाचा आकडा हरतालिकेपर्यंत सांग म्हणाल्या. आता मला कागदाची भीती वाटते.’

शितावरून भाताची परीक्षा करतात, इथे शितावरून माझी झाली होती. माझा पहिला विचार नणंदेबद्दल आला, आणि तो चांगला नव्हता. हिनेच पाणी सांडलं असेल, नाचता येईना अंगण वाकडं. दुसरा विचार खोपोलीच्या तराजूबद्दल. आढ्याला टांगलेला, धुराने काळा झालेला, त्याची दांडी सरळ कशावरून? तिसरा विचार कार्डावरच्या तांदळाबद्दल. असले किती विचार केले याला सुमार नाही, फक्त स्वतःवर संशय घ्यायचं राहिलं होतं. अखेर तोही घ्यावा लागला. मी वजनं पदरात बांधून कर्जतच्या बाजारात एका वाण्याकडे नेली आणि त्याच्या वजनांशी ताडून पाहिली. केसाइतकाही फरक नव्हता. वाण्याने विचारलं, कुणाशी भांडण झालंय का? मी म्हटलं, अजून ठरायचंय.

घरी आले. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी कणगीला हात लावायचा नसतो हे विसरले, मापटं भरलं, कड फिरवली, तांदूळ तोलले. चाळीस. पुन्हा भरलं. चाळीस. वडिलांनी तोललेली पायली आठवली. चार शेर म्हणजे तीनशे वीस तोळे, आठ मापटी, मापट्याला चाळीस. म्हणजे मापटं तेच, तांदूळ तोच, तराजूही तोच, आणि त्या एका दिवशी मात्र पंचेचाळीस. पीठ भरून पाहिलं. कागदावर चौतीस होतं, पारड्यात अठ्ठावीस आलं. एवढ्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. उघडी कणगी, ओटीभर सांडलेलं पीठ आणि मधे मी.

मला वाटलं होतं त्या रागावतील. पण मीच आधी रागावले. कागद त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, की आत्याबाई, त्या दिवशी तुम्ही माप कसं घातलंत?

‘कसं म्हंजे? शीग लावून घातलं,’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, चुलीला तर तुम्ही रोज सपाट घालता.

‘चुलीला सपाटच. पन ते लेकीच्या नावाचं माप व्हतं. लेकीला सपाट माप कुनी घालतं का गं?’

मी डोक्याला हात लावला. त्यांना समजावून सांगायला लागले, की अहो, आपण तिला पीठ देत नव्हतो. नुसतं तोलून परत जिथलं तिथे टाकणार होतो, आणि टाकलंही. द्यायचं काहीच नव्हतं, फक्त आकडा द्यायचा होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना ते कळलंही. पण त्यांच्या चेहऱ्यावर चुकीची खूण काही दिसेना.

‘तू तोलीत व्हतीस,’ त्या म्हणाल्या, ‘मी बायच्या नावानं घालीत व्हते.’

आता मला सगळं लख्ख दिसलं. पिठाला शीग उंच चढते, तांदळाला त्याहून कमी, आणि पाण्याला चढतच नाही. सुकं सगळं शिगेचं आणि पाणी तेवढं सपाट, म्हणून भात कोरडा राहिला. मोदकाच्या उकडीला तर सहा तोळे पीठ जास्त गेलं असतं. एकवीसच्या एकवीस चिरले असते, आणि देवापुढे ताट ठेवताना माझ्या नणंदेला कुणी काही बोललंही नसतं. तिथली माणसं बोलत नाहीत, हीच तर भीती होती. मी सासूबाईंना म्हटलं, तुमच्या मायेने पोरीची चूल जायची वेळ आली आहे.

हे मात्र त्यांना लागलं. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, पान्याला शीग येत नाय, यात माजा काय दोस? आणि मग स्वतःच उठल्या, मापटं घेतलं आणि म्हणाल्या, लिही परत, सपाट घालते.

पुढे जे झालं ते मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. त्यांनी पीठ भरलं, तळहाताची कड काठाला लावली, फिरवली, आणि अर्ध्यावर हात थांबला. अर्धी शीग तशीच उभी. तोललं, एकतीस. मी म्हटलं, आत्याबाई, पूर्ण फिरवा. त्यांनी दुसऱ्यांदा भरलं. या वेळी कड पूर्ण फिरली, पण फिरून झाल्यावर दुसऱ्या हाताने चिमूटभर पीठ वर पडलंच. एकोणतीस. रोज सकाळ-संध्याकाळ न बघता सपाट माप घालणारी बाई ती, वीस वर्षं त्याच चुलीला घालत आलेली. तिसऱ्यांदा त्यांनी मापटं भरलंच नाही, माझ्या हातात दिलं.

‘तू घाल,’ त्या म्हणाल्या. ‘तुजी काय ती लेक नाय.’

मी घातलं. माझा हात झरकन फिरला. अठ्ठावीस. डाळ एक्केचाळीस, पोहे दहा. एकामागून एक सगळं सपाट करून मी लिहून काढलं आणि सासूबाई भिंतीकडे तोंड करून वाती वळत बसल्या.

आणि लिहिता लिहिता मला तळेगावची पायली आठवली. ना तोळा कमी ना तोळा जास्त. माझ्याबरोबर दिलेलं माप चोख सपाट होतं. वडिलांना ते आवडलं होतं, मलाही. आता त्याच चोखपणाचा अर्थ कळला. मला राग आला, आणि कुणाचा राग करावा हे कळेना. त्यांनी मला काही कमी दिलं नव्हतं. सुनेला जेवढं तेवढं दिलं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सरळ उत्तर दिलं असतं, त्या बाईला आडवळण ठाऊकच नव्हतं.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी बैलगाडी जुंपली. पावसात खोपोलीच्या आगगाडीचा भरवसा नसे. निमित्त नारळ पोचवण्याचं होतं, पण पदरात नवा कागद होता. पळसदरी ओलांडेपर्यंत मी नणंदेच्या सासूला काय सांगायचं ते मनात घोळवत होते. पहिला कागद घाईत लिहिला, वजन एक चुकून दुसरं ठेवलं गेलं, असं काहीतरी. स्वतःच्या तराजूवर आळ घ्यायची मी तयारी केली होती. यापेक्षा मोठा त्याग मी त्या वयात केलेला नाही.

नणंदेची सासू माझ्या कल्पनेपेक्षा लहानखुरी निघाली. गुळाचा चहा दिला, सासऱ्यांची विचारपूस केली, आणि मी नवा कागद आणलाय म्हटल्यावर हात पुढे केला. नणंदेकडचा जुना आणि माझा नवा, दोन्ही कागद तिने चुलीच्या उजेडाला शेजारी शेजारी धरले. वाचता तिला बेताचंच येत होतं, पण आकडे येत होते. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं. नणंद दाराआड उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी घोळवलेलं सगळं सांगून टाकलं, घाई झाली, वजन चुकलं. तिने मान हलवली. मग बोट पाण्याच्या ओळीवर ठेवलं.

‘वजन चुकलं तर पानी कसं नाय चुकलं?’ तिने विचारलं. ‘तेलबी तेवढंच. दूधबी. सुकं तेवढंच कसं कमी झालं?’

माझी खोटं बोलायची ताकद तिथेच संपली. आकड्यांपुढे मला खोटं बोलता येत नाही. मी खरं ते सांगितलं. कणगीपासून सांगितलं, अर्ध्यावर थांबलेल्या हाताचंही सांगितलं. सांगून झाल्यावर तिने पहिल्या कागदावरच्या सुक्या आकड्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग नवा कागद तिने नणंदेच्या हातात दिला आणि म्हणाली, उद्या याच्यावरून कर. जुना कागद मात्र परत दिला नाही. घडी घातली आणि तांदळाच्या डब्यात, तांदळाखाली ठेवून दिला.

मोदक झाले. एकवीसपैकी एकालाही चीर नव्हती, कळ्या उभ्याच्या उभ्या, असं पुढच्या कार्डात आलं. त्या कार्डात कागदाचं नाव नव्हतं. शेवटी एवढंच होतं, ‘आता सकाळी सासूबाई मला विचारतात आणि मी सांगते.’ माझ्या सासूबाईंनी ते कार्ड माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. आमच्याकडे मोदकांना नेहमीसारखं मापट्यानेच पीठ पडलं, आणि नेहमीसारखेच ते सुरेख झाले. मी तराजू त्या दिवशी काढला नाही. कुणी विचारलं नाही म्हणून नव्हे, मलाच नको वाटलं.

त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या यजमानांना कल्याणला रेल्वेत काम लागलं आणि आमचं बिऱ्हाड हलायचं ठरलं. निघायच्या सकाळी मी ओटीवर ट्रंक भरत होते, तराजू जुन्या लुगड्यात गुंडाळत होते. आतून कणगीचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग सासूबाईंचा आवाज.

‘लाभ.’

तांदूळ पिशवीत पडल्याचा आवाज. ‘दोन. तीन.’ माझी पाठ तिकडे होती. मी वळून बघितलं नाही. वळले असते तर काठावरून हात फिरतो की नाही ते दिसलं असतं, आणि मला ते बघायचं धाडस नव्हतं. आठ मोजून त्या थांबल्या. त्यांनी पिशवीचं तोंड शिवलं, ती माझ्यापुढे ठेवली, आणि एवढंच म्हणाल्या की तिकडं पानी कसं असंल कुनास ठावं, तांदूळ जरा भिजवून घे.

कल्याणच्या खोलीत पहिली रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकाला लागायच्या आधी मी तराजू खिळ्याला टांगला आणि पिशवी उसवली. सवयच ती. शेराचं वजन ठेवलं, एक शेर काढला. दुसरा, तिसरा, चौथा. पायली संपायला हवी होती. पिशवीत अजून तांदूळ होते. मी ते पारड्यात ओतले आणि समोर अच्छेर ठेवला. काटा मधोमध थांबला.

चाळीस तोळे जास्त. मला वाटलं त्यांची मोजायला चूक झाली, एक मापटं चुकून जास्त पडलं. पण मी स्वतः ऐकलं होतं, लाभ, दोन, तीन, आणि शेवटी आठ. त्या बाईने जन्मात मोजायला चूक केली नव्हती. मी जमिनीवर बोटाने हिशेब मांडला, खात्री व्हावी म्हणून मोठ्याने म्हटला. पंचेचाळीस आठे तीनशे साठ. साडेचार शेर.

यजमान दारात उभे राहून विचारत होते, की तांदूळ कमी भरले का, एवढं रडायला काय झालं? मी म्हटलं, नाही, बरोबर आहेत.